जुन्या गाडीचे मिश्रण मधूनमधून रिच होते तेव्हा: निदानाची पद्धत

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल या प्रमाणापेक्षा जास्त झाले की मिश्रण रिच झाले असे गॅरेजमध्ये म्हणतात. सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, स्लोमध्ये (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) अडखळणारे इंजिन, घटलेले अ‍ॅव्हरेज आणि प्लगवर कोरडी काळी काजळी या त्याच्या खुणा सर्वांना परिचित आहेत. हा दोष कायमचा असेल तर तो शोधणे फारसे अवघड नसते. मधूनमधून येणारा दोष मात्र गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत नाहीसा झालेला असतो, आणि मग अंदाजाने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा), प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) असे एकेक भाग बदलत जाण्यात पैसा व वेळ दोन्ही खर्ची पडतात. पुढील विवेचन प्रामुख्याने मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असलेल्या जुन्या एमपीएफआय गाड्यांसाठी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी काही दिवस गाडीत एक वही ठेवावी. दोष जाणवला की त्या वेळी इंजिन थंड होते की गरम, गाडी बंद करून किती वेळाने पुन्हा सुरू केली होती, टाकी शेवटची केव्हा भरली, पाऊस होता का, रस्ता चढाचा होता की उताराचा, एवढे लिहून ठेवावे. या नोंदींवरूनच निम्मे निदान होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नाशिकहून ओझरच्या दिशेने महामार्गावर सलग वेगात जाताना दोष येत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे कूलंट तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर जातो. द्वारका चौकातील कोंडीत इंजिन तापल्यावर येत असेल तर एखाद्या उष्णतेने ढिल्या होणाऱ्या जोडणीवर. टाकी काठोकाठ भरल्यानंतरच्या पहिल्या काही किलोमीटरमध्ये येत असेल तर कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याच्या) पर्ज व्हॉल्व्हवर, म्हणजे ती वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर. आणि पावसाळ्यात इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरकडे जाऊन आल्यावर येत असेल तर ओल शिरलेल्या कनेक्टरवर.

त्यानंतर मिश्रण खरोखरच रिच होते आहे का, याची खात्री करावी. यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पीयूसी केंद्रातील यंत्र. बीएस-२ व बीएस-३ (भारत स्टेज प्रदूषण मानके) गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के व हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. त्याआधीच्या मानकांच्या गाड्यांना ती अनुक्रमे ३ टक्के व १५०० पीपीएम आहे. आपल्याला मर्यादेत बसण्यापेक्षा दोन आकड्यांचे परस्परनाते पाहायचे आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर मिश्रण रिच आहे. तो कमी असून केवळ हायड्रोकार्बन वाढलेले असतील तर इंजिन मिसिंग करत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही, आणि दोष प्लग, कॉइल, प्लगची वायर किंवा कॉम्प्रेशन यांत शोधावा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मिसिंगमध्येही पेट्रोलचा वास येतो आणि प्लग काळवंडतो. शक्यतो दोष चालू असताना एक आणि गाडी नीट चालत असताना एक, अशा दोन चाचण्या करून घ्याव्यात.

आता निदानातील सर्वांत मोलाचा प्रश्न येतो: पेट्रोल जास्त जात आहे हे ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) कळते आहे की नाही? स्कॅनर जोडता येत असेल तर शॉर्ट टर्म (तात्कालिक) व लाँग टर्म (दीर्घकाळचा) फ्युएल ट्रिम पाहावेत. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून पेट्रोल किती टक्के वाढवतो (अधिक) किंवा घटवतो (उणे), तो हा आकडा. दोष चालू असताना ट्रिम उणे पंधरा, उणे वीस टक्के असा खाली गेला असेल, तर ईसीयू पेट्रोल कमी करण्याचा प्रयत्न करत आहे आणि तरीही ते कोठून तरी जास्त येत आहे, किंवा मॅप सेन्सर इंजिनावरचा भार फुगवून सांगत आहे. याउलट ट्रिम शून्याजवळ किंवा अधिक असून पीयूसी यंत्र रिच दाखवत असेल, तर ईसीयूला चुकीची माहिती मिळते आहे, किंवा इंजिन थंड आहे असे समजून त्याने ऑक्सिजन सेन्सरकडे पाहणेच थांबवले आहे. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५ भागच हवा लागते, त्यामुळे जुन्या गाडीत लाँग टर्म ट्रिम काही टक्के अधिक असणे स्वाभाविक आहे; म्हणूनच तो उणे दिसला तर त्याचे गांभीर्य अधिक समजावे.

बऱ्याच जुन्या गाड्यांशी साधा स्कॅनर बोलत नाही. तेथे मल्टिमीटरने ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज पाहावा. गरम इंजिनावर तो सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली झाला पाहिजे. ०.८ च्या वर अडकला तर मिश्रण रिच आहे आणि सेन्सर खरे सांगत आहे. अशा वेळी सेन्सर बदलणे निरर्थक ठरते. कार्बन मोनॉक्साइड जास्त असूनही तो ०.२ च्या खाली राहत असेल, तर आधी सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, एक्झॉस्ट गळतो आहे का ते पाहावे, कारण त्या फटीतून आत ओढली जाणारी हवा सेन्सरला फसवते.

नाशिकच्या हवेत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा दोष थर्मोस्टॅट व कूलंट सेन्सरचा आहे. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सवय अत्यंत हानिकारक आहे. कूलंटचे तापमान ८० अंशांच्या वर टिकले तरच ईसीयू थंड इंजिनासाठीचे जादा पेट्रोल बंद करतो. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकला असेल, तर शहराच्या गर्दीत गाडी उत्तम चालते, परंतु थंडीत कसारा घाट उतरताना किंवा महामार्गावर वाऱ्याने रेडिएटर थंड झाला की तापमान पुन्हा खाली येते आणि जादा पेट्रोल सुरू होते. परीक्षा सोपी आहे: सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप पहिली काही मिनिटे थंडच राहिला पाहिजे आणि नंतर एकदम गरम झाला पाहिजे. तो सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बंद होत नाही असे समजावे.

डॅशबोर्डवरील काटा बरोबर आहे, एवढ्याने सेन्सर निर्दोष ठरत नाही. अनेक जुन्या गाड्यांत काट्याला तापमान कळवणारा सेंडर व ईसीयूचा सेन्सर वेगवेगळे असतात. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट व आत येणारी हवा यांचे तापमान स्कॅनरवर जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. मल्टिमीटरने मोजल्यास बऱ्याच जपानी पद्धतीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम व ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. कनेक्टरमध्ये गंज चढला की रोध वाढतो, आणि ईसीयू इंजिन थंड आहे असे समजून पेट्रोल वाढवतो.

मॅप सेन्सरच्या बाबतीत आपल्या शहराची उंची लक्षात ठेवावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत मॅपचे वाचन सुमारे ९४ किलोपास्कल यावयास हवे. पुस्तकातला १०१ चा आकडा मुंबईसाठी ठीक आहे. तो नाशिकमध्ये दिसत असेल तर सेन्सर जादा हवा दाखवत आहे. गरम इंजिनाच्या स्लोमध्ये बहुतेक गाड्यांत हे वाचन ३० ते ४० च्या आसपास असते. ते अचानक चढत असेल तर सेन्सरचा रबरी पाइप बोटाने वाकवून पाहावा. जुन्या रबराला पडलेली बारीक भेग थंडीत बंद राहते आणि तापल्यावर उघडते. तेवढ्याने इंजिनावर मोठा भार आहे असा ईसीयूचा समज होतो. पाइप शाबूत असेल तर टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला आहे का तेही पाहावे.

ईसीयूच्या नियंत्रणाबाहेर पेट्रोल शिरण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून हुंगावा. आत पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर त्याचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला आहे. गरम गाडी अर्ध्या तासाने सुरू करताना त्रास होऊन काळा धूर येत असेल तर इंजेक्टर गळत असण्याची शक्यता मोठी. दोष चालू असताना पर्ज व्हॉल्व्हचा पाइप चिमटीत दाबून धरला आणि इंजिन सुधारले, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असावा किंवा कॅनिस्टरमध्ये द्रव पेट्रोल गेले असावे. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर तेही पाहावे, कारण पातळ झालेले ऑइल तापल्यावर त्यातली वाफ पुन्हा इंजिनातच ओढली जाते. हे काम करताना जवळ ठिणगी नसावी, अग्निशामक हाताशी असावा, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन मुळीच चालवू नये.

वायरिंगसाठी इंजिन चालू ठेवून प्रत्येक कनेक्टर हलक्या हाताने हलवावा, वाचनाकडे दुसऱ्याने लक्ष ठेवावे. इंजिनाचे अर्थिंग घट्ट व स्वच्छ असल्याची खात्री करावी. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही नेहमीचे कारण आहे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक पूर्ण परत जातो का आणि नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) ओसंडतो का, हे आधी पाहावे. एअर फिल्टर चोंदल्याने मिश्रण रिच होते, ते मुख्यतः याच गाड्यांत. सीएनजी किट असेल तर दोष कोणत्या इंधनावर येतो ते सर्वप्रथम ठरवावे. गाडी सीएनजीवरच चालवल्याने महिनोन्महिने न वापरलेले पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात.

कारण सापडून दुरुस्ती झाल्यावर ऑइल व फिल्टर बदलावेत, प्लग स्वच्छ करावेत किंवा बदलावेत, आणि जुने ट्रिम पुसण्यासाठी ईसीयू रीसेट करावा. नंतर वहीत नोंदलेल्या त्याच परिस्थितीत, म्हणजे त्याच तापमानात, त्याच रस्त्यावर गाडी चालवून कार्बन मोनॉक्साइड पुन्हा मोजावा. तो त्या वेळीही खाली राहिला तरच दुरुस्ती झाली असे मानावे.