डोरोथीला जायचं तर असं जा

कॅनडातल्या कॅलगरीत राहणारी आपली मंडळी ड्रमहेलरला जातात, डायनोसॉर म्युझियम बघतात आणि जेवून परत फिरतात. माझं म्हणणं, अजून अर्धा तास पुढे जा. डोरोथी नावाची एक इवलीशी वस्ती आहे, मोजकी घरं, दोन चर्च आणि एक लाकडी एलेव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार, बस्स. मला ती जागा फार म्हणजे फारच आवडते.

आधी हवामान बघा, बाकी सगळं नंतर. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर टेकड्यांवर पाय ठेवायचा नाही. तिथली माती म्हणजे बेंटोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली, कोरडी असताना वरचा थर लाह्यांसारखा फुललेला असतो आणि बुटाखाली कुरकुरतो, पण भिजली की साबण! आम्ही पहिल्यांदा गेलो ते नेमकं पावसाच्या दुसऱ्या दिवशी, चार पावलांत बुटाला किलोभर चिखल आणि माझी बहीण उतारावरून बसूनच खाली आली. इकडचे लोक त्या चिखलाला गंबो म्हणतात.

कॅलगरीहून ड्रमहेलर साधारण १३५ किलोमीटर. हायवे ९ वरून येताना हॉर्सशू कॅन्यन नावाची दरी लागते तिथे दहा मिनिटं थांबाच, कारण सपाट शेतं चाललेली असतात चाललेली असतात आणि एकदम जमीनच संपते. ड्रमहेलरला पेट्रोल भरा, पाणी घ्या, बाथरूमला जाऊन या, डोरोथीत दुकान नाहीये. मग हायवे १० ने ईस्ट कूलीकडे, वाटेत हूडू दिसतील, डोक्यावर दगडाची टोपी घातलेले मातीचे खांब, त्यांच्यावर चढू नका प्लीज, झिजायला हजारो वर्षं लागली पण मोडायला एक पाय पुरतो. ईस्ट कूलीची अ‍ॅटलस कोळसा खाण १९७९ मध्ये बंद पडली, वेळ असेल तर बघा. पुढे ५७० नंबरचा रस्ता धरायचा.

गावात गाडी कडेला लावा आणि चाला. एलेव्हेटर आधी लांबून बघा. शेतकरी गाडीतून धान्य आणून खड्ड्यात ओतायचा, आत पट्ट्याला लावलेले डबे रहाटगाडग्यासारखे ते वर न्यायचे, वरून वेगवेगळ्या कप्प्यांत, आणि मग नळीतून थेट रेल्वेच्या डब्यात. हे कळलं की त्या उंच लाकडी खोक्याचा आकार असा का ते आपोआप समजतं. अशी एकेकाळी इथे तीन होती, आता एकच उरलंय. रेल्वेही गेली. फळ्या राखाडी झाल्यात, जुन्या वाड्याच्या दारासारख्या, जवळ जाऊन बघा पण आत शिरू नका, लाकूड कुजलेलं असतं आणि जागा कुणाच्या तरी मालकीची असते. दोन्ही चर्च लोकांनी मेहनतीनं पुन्हा उभी केलीत, दार उघडं असेल तर हळू आवाजात आत जा. इथे अजूनही माणसं राहतात, त्यांच्या अंगणात कॅमेरा घेऊन घुसायचं नाही, कोणी दिसलं तर हात करा, दोन शब्द बोला.

फुल पँट आणि बंद बूट हवेतच. गवतात बुटक्या निवडुंगाचे काटे असतात, वसंतात गोचीड असतात, आणि उन्हाळ्यात रॅटलस्नेकही निघू शकतो, म्हणून दगडाच्या फटीत हात घालू नका आणि मुलांना पुढे पळू देऊ नका.

हाड किंवा जीवाश्म दिसला तर उकरायचं नाही, इथे अल्बर्टा प्रांतात परमिटशिवाय खोदणं बेकायदा आहे. फोटो काढा, जागेची नोंद करा आणि म्युझियमला कळवा.

जमलं तर संध्याकाळी पोचा. जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, आणि ऊन तिरकं झालं की टेकड्यांवरचे पट्टे, तपकिरी, राखाडी, कोळशाचा काळा, एकेक करून उठून दिसायला लागतात. गाडी बंद करून नुसतं बसा, गवतातून वारा ऐकू येतो. परतताना मात्र सावकाश चालवा, अंधार पडला की हरणं रस्त्यावर येतात.