बिलिंगचा प्रिंटर बसवताना या चुका टाळा

फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ड्रायव्हर काढून परत टाकला, तरी प्रिंट येत नाही." मुळात ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, काढायची घाई का करता? आधी प्रिंटरचीच चौकशी करा. तो बंद करा, फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. बहुतेक थर्मल प्रिंटर (शाईऐवजी उष्णतेने छापणारे) सेल्फ टेस्टची चिठ्ठी काढतात. ती नीट आली तर मशीन ठणठणीत आहे, बिघाड पुढे शोधा. कागद कोराच आला तर रोल उलटा बसलाय का बघा. थर्मल कागदाला लेप एकाच बाजूला असतो. नखाने ओरखडा, काळी रेघ उमटेल ती बाजू हेडकडे, म्हणजे छापणाऱ्या भागाकडे.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे नेटवर्कच्या प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) राउटरच्या मर्जीवर सोडणं. एका हॉटेलात दोन प्रिंटर होते, काउंटरवर बिलाचा आणि किचनमध्ये केओटीचा, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीचा. बसवणाऱ्याने राउटरने दिलेले आयपी तसेच सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि पैसे घेऊन गेला. महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग एका शनिवारी संध्याकाळी लाइट गेली, आली, राउटरने पत्ते नव्याने वाटले आणि दोन्ही प्रिंटरांची अदलाबदल झाली. आचारी सहा नंबर टेबलाचं बिल हातात घेऊन बाहेर आला, जीएसटीसकट. काउंटरवर केओटींची भेंडोळी साचलेली, आणि टेबलांवर माणसं अर्धा-अर्धा तास जेवणाची वाट बघत बसलेली. मी पोचेपर्यंत मालकांच्या पोराने दोन्ही ड्रायव्हर उडवले होते, त्यामुळे पाच मिनिटांचं काम तासावर गेलं. दोन्ही प्रिंटरांच्या सेल्फ टेस्टच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला, कारण आयपी त्यावर छापलेला असतो.

तेव्हापासून मी राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यावर (त्या मशीनच्या ओळख क्रमांकावर) आयपी राखून ठेवतो. तशी सोय नसेल तर प्रिंटरमध्येच कायमचा आयपी टाकतो, तोही राउटर वाटतो त्या टप्प्याबाहेरचा. राउटर आयपीचा शेवटचा आकडा १०० ते १९९ वाटत असेल तर मी २१० घेतो. मग तो आकडा मार्करने लिहून प्रिंटरच्या पोटाला चिकटवतो.

दुसरी चूक कागदाच्या मापाची. ८० मिमीच्या रोलवर साधारण ७२ मिमी छापलं जातं, ५८ मिमीच्या रोलवर ४८. मोठ्या रोलचा नमुना छोट्या प्रिंटरवर पाठवला की उजवीकडचा रकमेचा रकाना कापला जातो, आणि ग्राहक नेमका तोच बघतो. फॉन्ट बारीक करून जागा काढू नका, आजीआजोबांना ते बिल वाचता येत नाही. ड्रायव्हरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे माप एकच ठेवा. ए-फोर राहून गेलं तर प्रत्येक बिलामागे वीतभर कोरा कागद वाया जातो.

विंडोज १० पासून 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' हा पर्याय आलाय. तो चालू असला तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडला जाणारा, होतो आणि पुढचं बिल ऑफिसच्या लेझरवर जातं. बंद करा.

यूएसबी वायर एकाच खाचेत ठेवा. खाच बदलली की विंडोज 'कॉपी १' नावाचा नवा प्रिंटर उभा करू शकतं आणि सॉफ्टवेअर जुन्यालाच बिलं पाठवत बसतं.

कॅश ड्रॉवरची वायर प्रिंटरच्या ड्रॉवर पोर्टलाच लावा. तिथे टेलिफोनची वायर बसते म्हणून ती खुपसू नका, त्या पोर्टमधून ड्रॉवर उघडायचा करंट जातो.

स्कॅनर भलतीच अक्षरं टाकत असेल तर कीबोर्ड मराठीवर आहे का बघा. संगणकाच्या लेखी स्कॅनर म्हणजे कीबोर्डच.

मालाची नावं मराठीत छापायची असतील तर बिल ड्रायव्हरमधून चित्र म्हणून पाठवावं लागतं. नुसता मजकूर पाठवला तर प्रश्नचिन्हं येतात, कारण बहुतेक प्रिंटरांत देवनागरी फॉन्टच नसतो. चित्राचं बिल जरा सावकाश निघतं, पण मराठी नावं सोडू नका.

निघण्याआधी मी संगणक रीतसर बंद करतो, मग राउटर आणि प्रिंटरचा मेन स्विच पाडतो. पाच मिनिटांनी सगळं चालू करून मालकांनाच बिल काढायला लावतो: सगळ्यात लांब नावाचा माल, पाच आकडी रक्कम, वर सूट. ते बिल नीट निघाल्याशिवाय मी बॅग उचलत नाही.