हातच्याची बेरीज ब्रेडबोर्डवर: चार बिटांचा अ‍ॅडर

शाळेत हातच्याची बेरीज शिकलात ना? मग अ‍ॅडर, म्हणजे बेरीज करणारं सर्किट, तुम्हाला निम्मं येतंच.

आधी कागदावर ११ + ६ करू. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत, १०११ आणि ०११०. उजवीकडून पहिल्या घरात १ आणि ०, म्हणजे १. दुसऱ्या घरात १ आणि १, म्हणजे दोन. पण बायनरीत २ हा अंकच नाही, म्हणून ० मांडला, हातचा १. तिसऱ्या घरात ०, १ आणि तो हातचा: पुन्हा ०, हातचा १. चौथ्यातही तेच. उरलेला हातचा खाली उतरवला की १०००१, म्हणजे १७.

आता हेच गेटांकडून, म्हणजे ० आणि १ घेऊन ० किंवा १ देणाऱ्या छोट्या सर्किटांकडून, करून घ्यायचं. दोन बिटांची (बायनरी अंकांची) बेरीज एक्सऑर गेट देतं (दोन्ही वेगळे असतील तरच १), हातचा अँड गेट देतं (दोन्ही १ असतील तरच १). हा झाला हाफ अ‍ॅडर. पण दुसऱ्या घरापासून मागचा हातचाही येतो, म्हणून फुल अ‍ॅडर लागतो. पहिल्या एक्सऑरचं उत्तर आणि आलेला हातचा दुसऱ्या एक्सऑरला द्या. त्या घराची बेरीज मिळेल. तीच जोडी दुसऱ्या अँडलाही द्या. मग दोन्ही अँडची आउटपुटं ऑर गेटमध्ये (एक तरी १ असेल तर १) घाला. बाहेर येतो तो पुढच्या घराचा हातचा.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी नुसत्या खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर, चार घरांसाठी एक्सऑरच्या ७४एलएस८६ दोन, अँडच्या ७४एलएस०८ दोन आणि ऑरची ७४एलएस३२ एक, एवढ्या आयसी (गेटांच्या चिप) पुरतात. तिन्ही प्रकारांत १४ नंबरच्या पिनला ५ व्होल्ट, ७ नंबरला ग्राउंड (० व्होल्ट). बेरजेसाठी चार आणि शेवटच्या हातच्यासाठी एक, असे पाच एलईडी लावा, प्रत्येकाला रेझिस्टरसह. एक घर जोडलं की त्याच्या आठही शक्यता तपासा, मगच पुढचं घर. चारही घरं एकदम जोडली की चूक शोधताना वायरींचं जंगल होतं.

पहिल्या घरातही फुल अ‍ॅडरच आहे, पण मागून हातचा येत नाही; म्हणून त्याचं हातच्याचं इनपुट ग्राउंडला जोडायला विसरू नका. या आयसींचं मोकळं इनपुट बहुधा १ समजलं जातं. माझ्या पहिल्या सर्किटात २ + २ = ५ येत होते आणि मी तासभर गेटांना दोष देत बसलो होतो!

११११ + ०००१ करून बघा: हातचा पहिल्या घरापासून शेवटपर्यंत सरकत जातो. एका गेटला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. पण ६४ घरं अशीच जोडली तर शेवटचं घर शंभराहून जास्त गेटांची वाट बघत बसेल. म्हणून ७४एलएस२८३ सारख्या तयार अ‍ॅडरमध्ये हातचा आधीच काढणारी वेगळी गेटं असतात.

वजाबाकी हवी असेल, तर दुसऱ्या संख्येचे बिट उलटे करा आणि पहिल्या घराचा हातचा ग्राउंडवरून काढून ५ व्होल्टला लावा. ११ − ६ साठी १०११ + १००१ + १ = १०१०१. पाचवा एलईडी सोडून द्या. उरले ०१०१, म्हणजे ५.