शनिवार-रविवारच्या ऑर्डरींसाठी कॅमेरा घेताना

नोकरी सांभाळून बारशी, मुंजी, साखरपुडे करायचे असतील तर सगळी पुंजी नव्या बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, अडकवू नका. दोन कार्डांची सोय असलेली वापरलेली बॉडी बघा. माझी पसंती निकॉन डी७२००ला. मॉडेल २०१५चं, पण प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरवता येतो. मातृभोजनाचा घास पुन्हा भरवा असं कुणाला सांगता येत नाही, म्हणून यात तडजोड नको. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत, ते विचारा. कंपनीने हे शटर १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. लेन्समधून टॉर्च मारून बघा. आपल्या पावसाळी हवेत बुरशी धरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सौदा सोडा.

लेन्स एकच विकत घ्या, भरपूर उजेड आत घेणारी ३५ मिमी एफ/१.८. बारशाच्या छोट्या खोलीतही चालते. उरलेले पैसे फिरत्या डोक्याच्या फ्लॅशवर घाला. कार्यालयाचं छत पांढरं असेल तर फ्लॅश वर वळवा, चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो. मांडवात मात्र वर लाल-पिवळं कापड असतं, तोच रंग नवरीच्या गालावर उतरतो. तिथे फ्लॅशवर उजेड पसरवणारा डिफ्यूजर लावून समोरूनच मारा.

लांबून टिपायची ७०-२०० मिमी झूम लेन्स भाड्याने आणा. जादा बॅटरी मात्र स्वतःचीच हवी.