क्रूझच्या जेवणासाठी सूट शिवण्याआधी

मुलांनी क्रूझचे तिकीट काढून दिले म्हणून दारव्ह्याच्या किंवा आर्वीच्या बाजारात सूट शिवायला टाकण्यापूर्वी त्या जहाजाचा पोशाखाचा नियम वाचून घ्यावा, कारण नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ठरावीक वेळ, ठरावीक टेबल आणि औपचारिक कपड्यांची सक्ती सोडल्यापासून बऱ्याच कंपन्यांचे नियम सैल झाले आहेत. क्युनार्ड या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर मात्र अजून गाला संध्याकाळ, म्हणजे औपचारिक पोशाखाची खास संध्याकाळ असते. तेथे राष्ट्रीय पोशाख चालतो, म्हणजे बंद गळ्याचा कोट आणि चांगले लुगडे पुरे, आणि मला तर तेच अधिक शोभून दिसते.

आपल्या पंगतीत वाढपी आग्रहाने वाढतो, तसे तेथे सगळेच तिकिटात धरलेले नसते; मेनूकार्डावर पदार्थापुढे किंमत छापली असेल, तर त्याचे पैसे वेगळे समजावे. शाकाहाराची गरज आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावी.