मुंबईत स्वतःची छोटी ब्रुअरी : आधी शिक्षण, मग टाक्या

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ची मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा छोटा कारखाना, सुरू झाली आणि २०१३-१४ च्या सुमारास ही लाट मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारापर्यंत येऊन पोहोचली. तेव्हापासून स्वतःची छोटी, स्वतंत्र ब्रुअरी काढण्याचा विचार करणारी मंडळी नेहमी भेटतात. त्यांच्याकडे उत्साह असतो, बहुतेकांकडे भांडवलाची सोयही असते; पण आधी गाळा पाहायचा, मग यंत्रसामग्रीची कोटेशन मागवायची आणि अगदी शेवटी ‘चांगला ब्रुअर कुठे मिळेल’ याची चौकशी करायची, हा त्यांचा क्रम मला काळजीत टाकतो. माझ्या मते तो नेमका उलटा असायला हवा, आणि त्याचे कारण आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे.

इंग्लंड-अमेरिकेत छोट्या ब्रुअरीचे मालक पुष्कळदा आधी घरीच वर्षानुवर्षे बिअर बनवत असतात; चुका घरात होतात, फुकट गेलेला माल मोरीत जातो आणि हात तयार झाल्यावर धंदा सुरू होतो. महाराष्ट्रात हा मार्ग बंद आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि घरच्या ओट्यावर केलेला वीस लिटरचा प्रयोगही त्यातून सुटत नाही. म्हणजे इथे शिकण्याच्या कायदेशीर जागा दोनच उरतात : प्रशिक्षण संस्था आणि दुसऱ्याची चालू, परवानाधारक ब्रुअरी. या दोन्ही ठिकाणी वेळ न देता जो थेट स्वतःची ब्रुअरी उभारतो, तो आपली उमेदवारी स्वतःच्या कर्जाच्या हप्त्यांवर करत असतो.

कुठे आणि किती शिकावे

लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंग’च्या परीक्षा या क्षेत्रात जगभर मानल्या जातात. त्यात प्राथमिक प्रमाणपत्रांपासून डिप्लोमा आणि पुढे ‘मास्टर ब्रुअर’पर्यंत पायऱ्या आहेत, आणि नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला खालच्या पायऱ्या झेपण्यासारख्या आहेत. प्रत्यक्ष तिकडे जाऊन शिकायचे असेल, तर बर्लिनची ‘व्हीएलबी’, म्युनिकजवळची ‘डोमेन्स’ आणि एडिनबराचे हेरियट-वॉट विद्यापीठ ही नावे आहेत. आपल्याकडे माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, किंवा पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किण्वन (आंबवण्याची प्रक्रिया) आणि मद्यार्क तंत्रज्ञानाशी संबंधित शिक्षण घेतलेले तरुण सापडतात. मालक स्वतः ब्रुअर होणार नसेल, तर असा एखादा तरुण सहकारी म्हणून घेणे हा उत्तम निर्णय ठरतो. मात्र मालकाने स्वतः किमान प्राथमिक प्रमाणपत्र आणि चव-वास ओळखण्याचे प्रशिक्षण घ्यावे, याबाबत मी आग्रही आहे. बिअर बिघडली आहे हे मालकाला ग्राहकाच्या तोंडून कळू नये.

परदेशी अभ्यासक्रम तिकडच्या हवामानाला धरून बेतलेले असतात, हेही लक्षात ठेवावे. उकळलेला वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड रस, यीस्ट घालण्याआधी एल प्रकारच्या बिअरसाठी साधारण १८ ते २० अंशांपर्यंत थंड करावा लागतो. युरोपात नळाच्या पाण्याने हे काम बरेचसे होते. मुंबईत मे महिन्यात नळाचे पाणीच तिशीच्या आसपास असते, आणि कोणताही हीट एक्स्चेंजर (वर्टची उष्णता पाण्याला देणारे उपकरण) वर्टला थंड करणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक थंड करू शकत नाही. त्यामुळे इथे ग्लायकॉल या सहज न गोठणाऱ्या द्रवाने थंड केलेल्या पाण्याची वेगळी टाकी किंवा दोन टप्प्यांचा एक्स्चेंजर लागतो आणि चिलरची क्षमता तिकडच्या तक्त्यांवरून ठरवून चालत नाही. म्हणूनच अभ्यासक्रमानंतरची उमेदवारी मुंबई, ठाणे किंवा पुण्याच्या चालू ब्रुअरीत करावी, आणि तिच्यात कडक उन्हाळा व पावसाळा हे दोन्ही ऋतू यावेत.

त्या उमेदवारीत पाककृतींपेक्षा साफसफाईकडे लक्ष द्यावे, कारण ब्रुअरच्या दिवसाचा मोठा भाग तिच्यातच जातो. एक उदाहरण पुरेसे आहे. फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवण्याची टाकी, रिकामा झाला तरी आत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो बाहेर काढून हवा खेळवण्याआधीच झाकण बंद करून कॉस्टिक सोडा फिरवला, तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतो, आत निर्वात पोकळी निर्माण होते आणि लाखो रुपयांची पोलादी टाकी बघता बघता आत चेपते. शिवाय कॉस्टिकची ताकद त्या वायूवरच खर्च झाल्याने टाकी धुतली जात नाही ती नाहीच. हाच वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो आणि त्याला वास नसतो. म्हणून तळघरात किंवा खिडक्या नसलेल्या गाळ्यात मापक यंत्र आणि खालच्या बाजूने हवा खेचणारा पंखा यांवाचून माणसाला आत पाठवू नये.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट आहे थांबण्याची. किण्वन संपले असे हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे साधन) सांगतो, तरी बिअर तयार असतेच असे नाही. अनुभवी ब्रुअर एकाच फर्मेंटरमधून दोन झाकणबंद नमुने घेतो. एक सुमारे ६० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटे ठेवतो, दुसरा तसाच ठेवतो, मग दोन्ही एकाच तापमानाला आणून वास घेतो. तापवलेल्या नमुन्याला लोण्यासारखा वास आला, तर डायअॅसिटिल (लोण्यासारख्या वासाचे रसायन) तयार करणारे द्रव्य बिअरमध्ये अजून शिल्लक आहे आणि यीस्टला आणखी एक-दोन दिवस द्यायला हवेत, हे निश्चित होते. शनिवारची गर्दी तोंडावर असताना ही टाकी आज थंड करायची नाही, असे ठामपणे म्हणता येणे हे प्रशिक्षणाचे खरे फळ आहे.

सल्लागाराशी करार

यंत्रे पुरवणाऱ्या कंपन्या बहुधा उभारणी आणि पहिल्या काही बॅचपर्यंत तंत्रज्ञ देतात. काही मालक याखेरीज स्वतंत्र ब्रुइंग सल्लागार नेमतात. दोन्ही मदती घ्याव्यात, पण कराराची भाषा नीट वाचावी. पाककृती कोणाच्या मालकीची, करार संपल्यावर ती वापरता येईल का, पाण्याच्या क्षारांचे प्रमाण आणि तापमानाच्या नोंदी आपल्या वहीत राहतील का, बॅच बिघडली तर सल्लागार किती तासांत हजर होईल आणि आपल्या माणसाला तो किती बॅच शेजारी उभा राहून शिकवील, हे सारे लेखी असावे. सल्लागार गेल्यावर बिअरची चव बदलली, अशी तक्रार जिथे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा कमतरता नोंदींची असते. टाक्यांच्या उत्पादकाला मात्र अंतिम ऑर्डर देण्याआधी सल्लागाराने आराखडा तपासून सही केलेली असावी, कारण नाल्याचा उतार आणि व्हॉल्वची जागा नंतर बदलणे फार महाग पडते.

जागा आणि परवाने

परवाना देणारा मुख्य विभाग म्हणजे राज्य उत्पादन शुल्क. आपल्याच जागेत बिअर बनवून तिथेच विकायची, की वेगळ्या जागी बनवून केगमधून (बिअरच्या पोलादी पिंपांतून) परमिट रूमना पुरवायची, हा निर्णय सर्वांत आधी घ्यावा. परवान्याची अट, जागेचा प्रकार आणि भांडवल हे सगळे त्यावर अवलंबून असते. ‘गेटवे’ने डोंबिवलीत बिअर बनवून शहरातल्या हॉटेलांना केग पुरवण्याचा मार्ग धरला, तर लोअर परळ-अंधेरीतल्या अनेकांनी टाक्या ग्राहकाच्या डोळ्यांसमोर ठेवल्या. पहिल्या मार्गात भाडे कमी पण ग्राहकापर्यंत बिअर सतत थंड ठेवण्याचे काम मोठे. दुसऱ्यात बिअरचा प्रवास काही फुटांचा, पण चौरस फुटाचा दर अंगावर येतो.

उत्पादन शुल्काबरोबर महापालिकेचा परवाना, अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र, अन्न सुरक्षा परवाना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची व नंतर चालवण्याची संमती लागते. वाफेचा बॉयलर बसवायचा असेल तर बॉयलर निरीक्षकांकडे नोंदणीचा प्रश्नही येतो. ही कामे जाणणारा वकील किंवा सल्लागार नेमावा, पण अर्जातील प्रत्येक नकाशा स्वतः वाचावा. जागेचा करार करतानाच ‘परवाना न मिळाल्यास करार रद्द आणि डिपॉझिट परत’ असे कलम घालून घ्यावे आणि परवाना हाती येईपर्यंत भाड्यात सवलत मागावी. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासूनचे अंतर करारापूर्वीच मोजून घ्यावे. वरचा मजला घेत असाल, तर हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे चार पायांवर एक टनाहून अधिक वजन, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. तळमजला घेत असाल, तर त्या गल्लीत जुलै महिन्यात पाणी किती चढते हे शेजारच्या दुकानदाराला विचारावे; त्याच्याइतकी खरी माहिती कोणी देणार नाही.

पाणी, माल्ट आणि चोथा

तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांमधून येणारे पालिकेचे पाणी क्षारांच्या दृष्टीने हलके आहे, आणि ब्रुअरसाठी ही चांगली गोष्ट आहे, कारण हव्या त्या बिअरसाठी जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड मोजून घालता येते. त्यातील क्लोरीन मात्र काढलाच पाहिजे. तो राहिला तर माल्टमधील फिनॉलशी संयोग होऊन बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. कार्बन फिल्टर बसवावा आणि तो वेळेवर बदलावा. एका लिटर बिअरमागे छोट्या ब्रुअरीत धुण्यासह पाच ते दहा लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणीकपात झाली की टँकरची आठवण होते. टँकरचे पाणी बहुधा बोअरचे आणि जड असते. त्याची प्रयोगशाळेत चाचणी केल्याशिवाय ते ब्रुइंगच्या पाण्यात मिसळू नये.

माल्टमध्ये आर्द्रता जेमतेम चार-पाच टक्के असते आणि मुंबईच्या पावसाळ्यात उघडे पोते काही दिवसांत सादळते. मग दळताना चुरा होत नाही, उतारा घटतो आणि पाठोपाठ सोंडे लागतात. पोती जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर, डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीत ठेवावीत आणि त्या दिवशी लागेल तेवढेच माल्ट दळावे. पाचशे लिटरच्या एका बॅचला साधारण शंभर किलो माल्ट लागते, आणि तेवढाच किंवा त्याहून जास्त ओला चोथा मागे उरतो. तो गुरांना चालतो. आरे, गोरेगाव, जोगेश्वरीकडच्या तबेल्यांशी आधीच बोलणी करून टेम्पोची वेळ ठरवून ठेवावी, कारण इथल्या उकाड्यात चोथा दुसऱ्या दिवशी आंबलेला असतो आणि शेजाऱ्यांची पहिली तक्रार त्याच्याच वासाची येते.

हिशेब

मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे, त्यावर उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो. याचा अर्थ टाक्या, चिलर आणि सल्लागाराच्या बिलावर भरलेल्या जीएसटीची वजावट बिअरच्या विक्रीतून मिळत नाही, आणि प्रकल्प अहवालात ती रक्कम सरळ खर्च म्हणून धरावी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या अनुदानाच्या योजनेत मादक पदार्थांचे उत्पादन वगळलेले आहे, त्यामुळे त्या भरवशावर राहू नये. पाककृती ठरवतानाही कायदा आड येतो : पाच टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढची तीव्र गणली जाते, आणि महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१, तर तीव्र बिअरसाठी २५ आहे. म्हणून मुख्य बिअर ४.७-४.८ टक्क्यांवर बसवणे मला शहाणपणाचे वाटते.

क्षमतेचा अंदाज फर्मेंटरच्या संख्येवरून करावा. हजार लिटरचे चार फर्मेंटर महिन्यातून दोनदा फिरले तर आठ हजार लिटर, म्हणजे ३३० मिलिलिटरचे सुमारे चोवीस हजार ग्लास होतात. गळती आणि फुकट जाणारा माल वजा करूनही रोज सातशेच्या आसपास ग्लास खपवावे लागतील. ते खपणार नसतील, तर दोनच टाक्या घ्याव्यात आणि आणखी दोन टाक्यांसाठी जागा, नाला व वीज यांची तयारी ठेवावी.

उद्घाटनाची तारीख ठरवताना ड्राय डे, निवडणुकीचे वेळापत्रक आणि पावसाळा हे तिन्ही पाहावेत. त्याआधी मुख्य बिअरच्या लागोपाठ तीन बॅच एकसारख्या उतरल्या पाहिजेत, आणि त्या तशा उतरल्या हे ब्रुअरीबाहेरच्या, चव ओळखण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने लेबल न पाहता सांगितले पाहिजे. यातली एखादी बॅच टाकून द्यावी लागली, तर उत्पादन शुल्क विभागाला कळवून, नोंद करून मगच ती ओतावी. या तीन बॅचचा खर्च आणि दीड-दोन महिन्यांचे भाडे पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात वेगळ्या रकान्यात लिहून ठेवावे.