स्विमिंग मीटच्या आधी वॉर्मअप किती करायचा? या चुका टाळा

पहिला इव्हेंट साडेदहाला, पण वॉर्मअपसाठी पूल सात ते आठच उघडा, म्हणून पोरं सातला पाण्यात. शेजारच्या क्लबची मुलं २००० मीटर मारतायत म्हणून आपणही तेवढेच मारायचे आणि मग अडीच तास ओल्या कॉश्च्युमवर बाकड्यावर बसून राहायचं. रेसमध्ये शेवटच्या २५ मीटरला हात जड झाले की पालक म्हणतात स्टॅमिना कमी पडला. बऱ्याचदा स्टॅमिना ठीक असतो हो, वॉर्मअप वाया गेलेला असतो.

स्नायू गरम असले की ते जोरात आणि पटकन काम करतात, आणि श्वास आधीच थोडा चढून गेलेला असला की पहिल्या ५० मध्ये एकदम दम लागत नाही, एवढ्यासाठीच वॉर्मअप. पण ही गरमी टिकत नाही. पाण्याबाहेर आल्यावर १५-२० मिनिटांत उतरायला लागते, पाऊण तासात बरीचशी गेलेली असते, आणि अंग ओलं ठेवून वाऱ्यात बसलं तर त्याहून लवकर. त्यामुळे किती मीटर केलं याच्याइतकंच शिट्टीच्या किती आधी केलं हे बघा. वेगळा वॉर्मअप पूल असेल तर रेसच्या १०-२० मिनिटं आधी बाहेर यायचं, कॉल रूमचा (रेसआधी स्पर्धकांना बोलावून बसवतात ती जागा) वेळ त्यातच धरायचा.

नसेल तर? आपल्याकडे जिल्ह्याच्या मीटला बहुतेक नसतोच. मग सकाळचा वॉर्मअप पाण्याची सवय आणि टर्नपुरता ठेवा, आणि आपल्या हीटच्या, म्हणजे आपल्या गटाच्या रेसच्या, २० मिनिटं आधी जमिनीवर परत अंग गरम करा: हात फिरवणं, जागेवर जॉगिंग, स्क्वॉट्स, चारपाच उड्या, हलका घाम येईपर्यंत. लगेच टीशर्ट, ट्रॅकपँट, मोजे, आणि ते स्टार्टच्या ब्लॉकमागे (ज्यावरून उडी मारतात तो चौथरा) गेल्यावरच काढायचे. आपल्याकडे हे जवळजवळ कोणी करत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण याला पैसे लागत नाहीत.

आता आकडा. ५० किंवा १०० मीटरवाल्या मोठ्या मुलांना ८०० ते १२०० मीटर पुरतात, दहाच्या आतल्या पोरांना ३००-४०० बस. रोज ५-६ किलोमीटर पोहणाऱ्याला थोडं जास्त लागेल, त्याचं त्याच्या कोचला माहीत असतं.

दुसरी चूक म्हणजे सगळंच हळू पोहायचं, नाहीतर उलट, पूर्ण जोर लावून ५०-५० मारायचे. हळू पोहून शरीराला रेसचा वेग आठवत नाही आणि पूर्ण जोरात मारलं तर पाय तिथेच भरून येतात. शेवटी १५ मीटरचे तीनचार स्प्रिंट, प्रत्येकानंतर भरपूर आराम, एवढं बास. २०० वाल्याने एकदोनदा ५० मीटर रेसच्या पेसने पोहून बघावं.

स्टार्ट करून बघितलाच पाहिजे, पण वॉर्मअपमध्ये स्टार्ट आणि स्प्रिंटसाठी राखून ठेवलेल्या स्प्रिंट लेनमध्येच. गर्दीच्या लेनमध्ये डाइव्ह मारू नका, खाली कोणीतरी असतं आणि डोकी फुटतात, तिथे पाय आधी टाकून उतरायचं. क्लबच्या साध्या ब्लॉकवर शिकलेल्या मुलाला मोठ्या पूलवर मागे तिरकी पट्टी असलेला ब्लॉक मिळतो, तिथे पाय कुठे बसतो ते आधीच कळायला हवं. बॅकस्ट्रोकवाल्यांनी पूलवर आडव्या दोरीला लावलेल्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंतचे स्ट्रोक मोजावेत. अंतर सगळीकडे ५ मीटरच असतं, पण उघड्या पूलवर उन्हात नजर चुकते.

रेसच्या तोंडावर अर्धा-अर्धा मिनिट स्ट्रेच धरून ठेवणंही नको, त्याने जोर थोडा कमी होतो. ते संध्याकाळी करा.

आणि दोन इव्हेंटमध्ये तासाभराचं अंतर असेल तर पूर्ण वॉर्मअप परत करू नका. पहिल्या रेसनंतर जागा मिळाली तर २०० मीटर निवांत पोहा, अंग पुसून कोरडे कपडे घाला, एखादं केळं आणि घोट घोट पाणी घ्या, आणि दुसऱ्या हीटच्या आधी तोच जमिनीवरचा वॉर्मअप.